तिच्या नावाने लिहिलेलं उत्तर

माझा राग लवकर येतो आणि लवकर जातो, असं मी सगळ्यांना सांगत असते. ऐकणारे मान डोलावतात, कारण पगार मी देते. राग जातो हे खरं, पण जाताना तो जे सांडून जातो ते पुसायला मागे कुणीतरी थांबावं लागतं, हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं.

माझी कंपनी म्हणजे जव्हारच्या बाजारात कापडाच्या दुकानावरचा एक लांबट हॉल. ठाण्यात दुसऱ्यांच्या जाहिराती लिहून कंटाळले आणि घरी परत आले, तेव्हा दाभोशाकडच्या एका तंबूवाल्याचं सोशल मीडियाचं काम घेतलं. त्याचे चार तंबू. रोज फोटो टाकायचा, जेवण घरगुती आहे असं लिहायचं, कुणी रस्ता विचारला तर सांगायचा. मग शिरपामाळाकडे जेवणाचं हॉटेल चालवणाऱ्याने विचारलं, मग एका शाळेने. प्रत्येकाची तीन-तीन ठिकाणी पानं, प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड, आणि वीज गेली की सगळ्यांवरच पाणी. माझा धाकटा भाऊ ठाण्यात प्रोग्रामर आहे. त्याला म्हटलं, मला असं काहीतरी करून दे की सोमवारी बसून आठवड्याचं लिहून ठेवीन आणि ज्याचं त्याच्या पानावर, ज्या त्या वेळी, आपोआप जाईल. मग वीज असो की नसो. त्याने करून दिलं. नाशिकच्या एका दुकानदाराने ते पाहिलं आणि विचारलं, हे विकता का? हे विकायचं असतं हे तोवर आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

पाच-सहा वर्षांत हॉलमध्ये आठ मुली झाल्या. जव्हार-मोखाड्याच्याच, कॉलेज झालेल्या. काही सॉफ्टवेअर घेणाऱ्यांना फोनवर शिकवायच्या, काही मोठ्या गिऱ्हाइकांची पानं इथूनच सांभाळायच्या. "जव्हारला बसून तुम्ही मुंबईचं काम करता?" असं कुणी कौतुकाने म्हणालं तरी माझ्या कपाळाची शीर उठायची.

मग मुंबईची एक मसाल्याची कंपनी आली. त्यांची अट होती की एकाच माणसाने लिहायचं आणि त्यानेच ते बाहेर सोडायचं, हे चालणार नाही. लिहिणारा वेगळा, मंजुरी देणारा वेगळा. भावाने दोन महिने डोकं घालून ते बांधलं. आम्ही त्याला दोन कुलपं म्हणायचो. एकाच्या किल्लीने लिहायचं, दुसऱ्याच्या किल्लीने सोडायचं, आणि कुणी किती वाजता काय केलं याची नोंद मागे राहणार. ती आम्हालाही पुसता येत नव्हती. मसालेवाल्यांपेक्षा बाकीच्यांनाच ते जास्त आवडलं. नाशिक, कोल्हापूर, पार इंदूरहून लोक 'ते दोन कुलुपांचं' म्हणून विचारायला लागले. आमच्या वेबसाइटवर अगदी वर ठळक लिहिलेलं होतं, एका माणसाची चूक इथून बाहेर जाऊच शकत नाही. ते वाक्य माझं.

आणि खुद्द आमच्या हॉलमध्ये प्रत्येकीच्या स्क्रीनच्या कडेला पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली होती.

याला निव्वळ निष्काळजीपणा म्हणायला मी आजही तयार नाही. आमच्याकडे भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सावडीने होते. आज तुमच्या शेतात आमच्या घरचे हात, उद्या आमच्या शेतात तुमचे. मजुरी नाही, लिहून ठेवणं नाही, पण घेतलेला दिवस परत करायचाच. मुली यातच वाढल्या. एकीला बाळाला डोस द्यायला दवाखान्यात जायचं असलं की दुसरी तिच्या जागी बसायची. जागी बसणं म्हणजे तिचं लॉगिन उघडून तिच्या नावाने काम पुरं करणं. स्वतःच्या नावाने केलं तर तिचा दिवस भरणार कसा? भावाने दोनदा फोनवर आरडाओरड केली. मी त्याला म्हणाले, "तुझ्या मजल्यावर शेजारी कोण राहतं ते तुला माहीत नाही. तू मला इथलं शिकवू नकोस." त्याने फोन ठेवला. वादात जिंकायची मला सवय आहे.

मसाल्याच्या पानावर गिऱ्हाइकांना उत्तरं लिहायचं काम जिच्याकडे होतं, ती सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरची. तिचं नाव इथे लिहीत नाही. ते मी एकदा नको तिथे लिहून बसले आहे. आठवडाभर ती दोघींबरोबर खोली घेऊन जव्हारला राहायची आणि शनिवारी जीपने घरी जायची. बोलायची थोडं, पण वाचायची फार बारीक. मुंबईहून पाककृती पानावर टाकायला आली की हिने ती मनात शिजवून बघितलीच म्हणून समजा. "ताई, यात मीठच नाय लिवला," असं तिने एकदा मला दाखवलं. ते मुंबईतल्या पाच जणांच्या नजरेतून सुटलं होतं. ती लिहायची आणि मंजुरी मी द्यायचे, कारण मालकिणीनेच मंजुरी द्यावी असा मसालेवाल्यांचा आग्रह होता.

जुलै महिना होता. सोमवारी कामाच्या शेवटी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"ताई, उद्या आवणीला आमचा दिस हाय. सगळी जणां आमचे शेतावर येतील न मीच नाय, असा बरा नाय दिसं."

"मग मसाल्याचं कोण बघणार?"

याचं उत्तर मीच द्यायचं होतं.

"जा तू," मी म्हणाले. "मी बसते तुझ्या जागी. सावडच समज."

ती हसली. "मग तुमचा एक दिस माझेवर राहला."

मंगळवारी सकाळपासून वीज येऊन जाऊन होती. मी माझ्या लॅपटॉपवर तिचं लॉगिन उघडून उत्तरं लिहीत होते. एका बाईने चौथ्यांदा तीच तक्रार टाकली होती, की तुमच्या मसाल्यात अळ्या झाल्या. सोबत फोटो. डबा उघडा, झाकण बाजूला, मागे खिडकीतून पाऊस आत येतोय. माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, "बाई, पावसाळ्यात डबा उघडा टाकलात तर अळ्याच होणार. केशर उगवेल असं वाटलं होतं का?"

शेजारच्या मुलीला वाचून दाखवलं. दोघी खूप हसलो. ही आमची पद्धतच होती. राग आला की मनातलं लिहायचं, हसून घ्यायचं, पुसायचं आणि मग सभ्य भाषेत उत्तर लिहायचं. तेवढ्यात दिवे गेले. लॅपटॉपची बॅटरी अखेरच्या घटका मोजत होती. मी तिच्या नावाने सगळी उत्तरं पुढे ढकलली, माझं लॉगिन उघडलं आणि एका दमात सगळ्यांना मंजुरी दिली. वाचायची गरज वाटली नाही, कारण सगळं मीच तर लिहिलेलं होतं. पुसायचं राहून गेलं होतं ते माझ्या ध्यानात आलं नाही.

दुपारपर्यंत त्या उत्तराचे फोटो लोक एकमेकांना पाठवत होते. मसाला कंपनीच्या ज्या मॅडमशी माझं बोलणं व्हायचं त्यांचा फोन आला. त्या आवाज कधी चढवत नाहीत. तेच त्यांच्यातलं भीतीदायक. एवढंच म्हणाल्या, "नोंद पाठवा."

नोंदीत दोनच ओळी होत्या. लिहिणारी ती, अकरा चाळीस. मंजुरी देणारी मी, अकरा एक्केचाळीस. अकरा चाळीसला ती पाड्यावर गुडघाभर चिखलात वाकलेली होती.

भावाचा फोन आला. "दोन्ही एकाच लॅपटॉपवरून झालंय, ताई. तुझ्या."

"त्यांना ते दिसतं?"

माझ्या तोंडून पहिला हाच प्रश्न आला. त्याची मला अजून लाज वाटते.

"नाही," तो म्हणाला. "तो रकाना त्यांच्याकडे जात नाही."

मी नोंद पाठवली. थोड्या वेळाने मॅडमचं उत्तर आलं. तुम्ही इतकी उत्तरं पाहता, एखादं नजरेतून सुटलं हे समजू शकते, पण आमच्या गिऱ्हाइकाशी असं बोलणारी व्यक्ती आमच्या कामावर नको. उद्या तीन वाजता व्हिडिओ कॉलवर तिला घेऊन बसा आणि तिला काढल्याचं पत्र द्या. म्हणजे दोन कुलुपांपैकी माझ्या कुलुपाला माफी मिळाली होती. खरं सांगितलं असतं तर दोन्ही किल्ल्या एकाच हातात होत्या हे सांगावं लागलं असतं, आणि मग एका माणसाची चूक बाहेर जाऊच शकत नाही हे आम्ही कुणाला कुठल्या तोंडाने विकणार होतो? मसालेवाले गेले असते आणि दोन कुलुपांवर विसंबलेले बाकीचेही गेले असते. त्या रात्री मी आठही मुलींची तोंडं एकामागून एक डोळ्यांपुढे आणली. सात जणींसाठी एक, असा हिशेब मी मनाशी मांडला आणि तो मला पटलाही. मी या हिशेबात नव्हतेच.

बुधवारी ती पहिल्या जीपने आली. नखांत चिखल तसाच होता. मी तिला आत बोलावून सगळं सांगितलं, आणि सांगताना वीज, बॅटरी, ती बाई, तिचा डबा, सगळ्यांना शिव्या घातल्या. तिने शेवटी विचारलं, "मी बोलली का मी लिवला, तर मंग मसाल्याचा काम राहील?"

"असं कसं? तू का बोलशील?"

"तुमी माझे जागेवर बसल्या. आता मी तुमचे जागेवर बसन."

मी नको म्हणाले. पुन्हा एकदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाही.

तीन वाजता आम्ही दोघी लॅपटॉपसमोर शेजारी शेजारी बसलो. एका चौकोनात मॅडम, एका चौकोनात भाऊ. त्याने आवाज बंद ठेवलेला होता आणि माझ्या फोनवर त्याचा मेसेज येऊन पडलेला होता, तू काही बोलू नकोस. हॉलमध्ये कुणीही कळ दाबत नव्हतं. मॅडमनी विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?"

आणि नेट अडकलं. मॅडमचा चेहरा अर्धा मिटल्या डोळ्यांनी तसाच थांबला. जव्हारला हे नेहमीचंच, पण तेव्हाचं ते थांबणं मला युगासारखं लांब वाटलं. तेवढ्या वेळात मी बोलू शकत होते. नेट आल्या आल्या पहिलं वाक्य माझं असू शकलं असतं. मी पाण्याचा पेला उचलला. तिचे दोन्ही हात मांडीवर स्वस्थ होते. चित्र हललं.

"होय," ती म्हणाली. "मी लिहिलं. चूक झाली."

तिने ते शाळेतल्या मराठीत म्हटलं. आमच्याशी ती तशी कधीच बोलत नसे.

मी मंजुरीच्या वेळी माझं लक्ष चुकल्याबद्दल माफी मागितली. लहान चूक कबूल केली की मोठी झाकता येते, ही विद्या मला कुणी शिकवली नव्हती, पण जमली. मग पत्र लिहिलं. पहिल्याच ओळीत तिचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, पुढे पत्ता. पाठवण्याआधी ते तिला दाखवलं. तिने नेहमीसारखं बारीक वाचलं आणि एवढंच म्हणाली, "पाड्याचा नाव चुकलां." मी ते दुरुस्त केलं.

"दोन महिने जाऊ देत," मी तिला जिन्यापर्यंत सोडायला जाताना म्हणाले. "हे शांत झालं की दुसऱ्या कामावर घेते." ती बरं म्हणाली आणि डबा घेऊन खाली उतरली.

दोन महिने गेले. मसालेवाल्यांना आमचा कडक कारभार इतका आवडला की त्यांनी आणखी तीन कंपन्या आमच्याकडे पाठवल्या. भावाने दोन माणसं ठेवली. मी हॉलला लागून असलेली खोली भाड्याने घेतली. त्या पावसाळ्याइतकी आमची वाढ कधीच झाली नव्हती. तिला बोलवायचं माझ्या मनात रोज यायचं आणि रोज काहीतरी निघायचं. हॉलमध्ये मात्र एक बदल झाला. स्क्रीनच्या कडेच्या चिठ्ठ्या एकेक करून नाहीशा झाल्या. मी सांगितलं नव्हतं. आता कुणी कुणाच्या जागी बसत नव्हतं. कुणाला घरी जायचं असलं की ती सरळ रजेचा अर्ज द्यायची आणि माझ्याशी नेमकं कामापुरतं बोलायची. भावाला हवं होतं तसं शिस्तीचं ऑफिस झालं होतं आणि मला तिथे बसवत नव्हतं.

दसरा होऊन गेल्यावर नाशिकहून एका माणसाचा फोन आला. असंच काम करणारी त्यांची कंपनी. त्या मुलीने त्यांच्याकडे अर्ज केला होता. "काम चांगलं दिसतंय," तो म्हणाला, "पण मुंबईत चौकशी केली तर वेगळंच ऐकलं. गिऱ्हाइकाला तिने वाटेल ते लिहिलं होतं म्हणे. तुमच्याकडेच होती ना? खरं काय?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मुंबईने नोंद विचारली, भावाला आधीच माहीत होतं, मुलींनी तर डोळ्यांनी पाहिलेलं.

"तिने नाही लिहिलं," मी म्हणाले. "मी लिहिलं होतं. तिच्या नावाने."

तो मग म्हणाला, "हे लेखी द्याल?"

मला त्याचा भयंकर राग आला. माझ्या शब्दावर विश्वास नाही? आणि लगेच कळलं की तो तरी का असावा. मी लिहून दिलं, आणि तोच कागद मुंबईच्या मॅडमनाही पाठवला. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं आणि महिनाअखेर खातं बंद झालं. त्यांनी पाठवलेल्या तिघांपैकी दोघे गेले. नवी खोली सोडली. भाऊ आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. वेबसाइटवरचं ते ठळक वाक्य त्याने मला न विचारता काढून टाकलं, आणि मी भांडले नाही.

नाशिकवाल्यांनी तिला काम दिलं, मोखाड्याला बसून करायचं. तिचा मला फोन आला. आभार मानेल असं वाटलं होतं.

"ताई, कागद पोचला. पन आमचे पाड्यात कागद कोन वाचं? आईला बाया बोलत्यात, तुझे पोरीनी मुंबईचे बाईला वंगाळ लिवला न हाकलून दिली. तुमी येऊन सांगा."

रविवारी मी गेले. जीप सूर्यमाळला सोडते, पुढे पायवाट. पाड्यावर तिच्या घरच्या भाताची झोडणी चालली होती, आणि तीही सावडीचीच, म्हणजे जिला जिला कळायला हवं ती प्रत्येक बाई खळ्यावर हजर होती. मी वाटेत काय बोलायचं ते नीट जुळवून ठेवलं होतं. तिथे उभी राहिले आणि त्यातलं काही आठवेना. मग सरळच सांगितलं. ते वंगाळ मी लिहिलं. त्या दिवशी ही इथे, तुमच्यातच, आवणीला होती. मुंबईवाल्यांनी विचारलं तेव्हा हिने माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी सांगू दिलं. कंपनीचं नाव राहिलं आणि हिचं गेलं.

बायांचे हात थांबले होते. तिच्या आईने मात्र हातातली जुडी खाली ठेवली नाही.

"त्या दिशी का नाय बोलल्या?"

माझ्याकडे उत्तरं होती. आठ मुली, भाऊ, एवढ्या वर्षांची कंपनी. पण त्या खळ्यावर ती मला बोलून दाखवता येईनात, कारण ती खरी नव्हती.

"मला माहीत होतं," मी म्हणाले, "की ही बोलेल."

आईने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग लेकीकडे.

"तिला पन ठावा होता," ती म्हणाली, "तुमी नाय बोलनार."

आणि तिने जुडी दगडावर आपटली. बाकीच्याही पुन्हा झोडायला लागल्या.